भेऊन राह्य

पाया पडणाऱ्याला लोक 'सुखी राहा' म्हणतात, 'मोठी हो' म्हणतात. वत्सलाकाकू म्हणायच्या, "भेऊन राह्य." समोर नवी नवरी असो, दहावी पास झालेली पोर असो, नाहीतर कुणी पायावर घातलेलं तान्हं बाळ असो, डोक्यावर हात ठेवून तेवढे दोनच शब्द. दुसरबीडच्या लोकांना त्याची सवय झाली होती. मी नवीन होते. हा आशीर्वाद मला पहिल्यांदा मिळाला त्या संध्याकाळी मी दाराची कडी उठून उठून तपासली.

मी तिथल्या शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाले आणि गावाबाहेर, त्यांच्या मळ्यातल्या दोन खोल्या मला भाड्याने मिळाल्या. घरात तीन माणसं. काकू, त्यांचे यजमान किसनभाऊ आणि लग्नाच्या वयाला आलेला मुलगा मंगेश. मळ्यात वांगी, टमाटे, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि दसरा-दिवाळीच्या बेताने झेंडू. माल जालन्याच्या बाजारात न्यायला दारात एक पिकअप गाडी उभी असायची.

मी काकूंना पहिल्यांदा पाहिलं ते त्या गाडीच्या चाकापाशी. सकाळची वेळ, पदर खोचलेला, एक पाय मागे रोवलेला आणि हातात लांब दांड्याचा पाना. चाकाचा एकेक नट त्या सगळं वजन टाकून आवळत होत्या. बाईमाणसाच्या हातात पाना बघून मला कौतुक वाटलं, तसं काहीतरी बोलणारही होते. मग त्यांचा चेहरा दिसला. बिळात हात घालायची वेळ आलेल्या माणसाचा असावा तसा तो चेहरा होता. मी बादली उचलून आत गेले.

गावातले लोक त्यांना गमतीने 'मिस्त्रीनबाई' म्हणत. त्या म्हणायच्या, "मले काई येत नाई बाप्पा. मले भेव येते."

राहायला आले त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या माझं बिऱ्हाड बघायला आल्या. मी खुर्ची पुढे केली. त्यांनी वर पाहिलं, खुर्ची भिंतीकडे सरकवली आणि मग बसल्या.

"मॅडम, तुमचा पंखा हालते."

"जुना आहे काकू, थोडा हलणारच."

"तुमी त्याच्याच खाली झोपता?"

"हो."

"मंग झोप कशी काय लागते तुम्हाले?"

त्या दिवसापर्यंत मला झोप उत्तम लागत होती. काकू घरी जाऊन पाना घेऊन आल्या, स्टुलावर चढल्या, आणि मी खाली स्टूल धरून उभी राहिले. वरून त्या "धरलं ना?" म्हणून विचारायच्या, मी "धरलं" म्हणायची, आणि दोघींनाही एकमेकींचा भरवसा वाटत नव्हता. पंख्याचा बोल्ट खरंच ढिला होता. तो आवळून झाल्यावर त्यांनी पंख्याला लोंबकळून पाहावं की नाही याचा थोडा विचार केला, असं मला खालून वाटलं.

पण म्हणून त्यांचं सगळंच बरोबर असे, असंही नाही. माझ्या मोरीतला नळ ठिबकत होता, तो त्यांनी इतका आवळला की आटे गेले आणि नळच हातात आला. पाण्याची धार समोरच्या भिंतीवर. काकू "माय व माय!" करत अंगणात पळाल्या, पाण्याच्या जोराने भिंत पडेल म्हणून मलाही ओढत घेऊन गेल्या. किसनभाऊंनी लंगडत येऊन टाकीचा कॉक बंद केला आणि मला म्हणाले, "ते घट्ट करत नाई मॅडम. ते गळा दाबते."

त्यांना कुकरची भीती वाटायची, जत्रेतल्या आकाशपाळण्याची वाटायची, शाळेच्या लोखंडी फाटकाची वाटायची. माझ्या स्कूटरवर बसायच्या आधी त्या दोन्ही चाकांचे नट बोटांनी चाचपायच्या, आरसा हलवून बघायच्या, आणि मग "चाल हळू" म्हणत मागे बसायच्या. शाळेला उशीर होतोय म्हटलं तर उत्तर ठरलेलं. "उशीर झाला त सायेब बोलते. चाक निंगालं त कोन बोलाले राह्यते?"

हे सगळं कशातून आलं ते किसनभाऊच सांगत. दहा माणसं जमली की त्यांचा हा किस्सा ठरलेला. फार वर्षांपूर्वी, मंगेश लहान असताना, त्यांच्याकडे एक जुनी जीप होती. माल घेऊन जाताना नदीच्या पुलाअलीकडच्या उतारावर तिचं पुढचं चाक निघालं.

"म्या पाह्यलं त एक चाक मले वलांडून पुढं चाललं," किसनभाऊ रंगात येऊन सांगायचे. "म्या म्हनलं, अरे कोनाचं बे हे चाक, लय जोरात हाये! अन् मंग आपली गाडी खाली बसली!"

लोक मांड्या थोपटून हसायचे. किसनभाऊही आपली मांडी थोपटायचे, जिच्यात सळई घातलेली होती तीच. मीही हसले, हे लपवत नाही. त्या हशात काकू उठून आत गेलेल्या असायच्या, आणि आत काही काम नसायचं.

त्यांच्या तोंडून ती गोष्ट मी एकदाच ऐकली. आम्ही झेंडू तोडत होतो. त्या एकाएकी म्हणाल्या, "त्या दिवशी चाक त्याईनंच बदलवलं होतं. मी बाजूले उभी होती. पान्याचं तोंड झिजेल होतं. नटावरून सटकला, हाताले झटका बसला, अन् हे म्हने झालं घट्ट. म्याबी पाह्यलं. मलेबी वाटलं, झालं घट्ट." त्यांनी चार फुलं तोडली. "पाना खराब असला म्हंजे खोटं बोलते, पोरी. नट ढिला, अन् हाताले सांगते घट्ट. दवाखान्यातून निरोप आला तवा मी पोया लाटून राह्यलती."

त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा 'पोरी' म्हटलं, आणि पुढे मॅडम कधी म्हटलं नाही.

तो खोटं बोलणारा पाना अजून घरात होता. गोठ्यातल्या खांबाला खिळा होता, त्याला तो काळ्या दोऱ्याने टांगलेला होता. तोंड फाकलेलं, दांडा वाकलेला. मी विचारलं, "काकू, ही पनवती ठेवलीय कशाला? फेकून द्या."

"फेकला त कोनी उचलीन. मंग त्याचं चाक निंगन."

"मग भंगारात द्या."

"भंगारवाला काय वितळवते का लगेच? तो कोनाले तरी इकन." त्यांनी त्या पान्याकडे पाहिलं, बांधून ठेवलेल्या पिसाळलेल्या कुत्र्याकडे बघावं तसं. "आपल्या डोयासमोर राह्यलेला बरा."

मला ते पटलं. त्यांच्या सहवासात मला बऱ्याच गोष्टी पटायला लागल्या होत्या.

मी तिथे असतानाच त्यांनी पान्यांचा नवा सेट घेतला. जुन्या सेटमधल्या एका गोटीला, म्हणजे नटावर टोपीसारखी बसते त्या सॉकेटला, बारीक तडा गेलेला त्यांना दिसला. मला तो भिंगातूनही दिसला नसता. दुसऱ्याच दिवशी आम्ही जालन्याला. मला का नेलं तर, "एकट्या बाईसंग दुकानदार लय बोलते. मास्तरीन संग असली म्हंजे कमी बोलन." ती आशा फोल ठरली.

दुकानात शिरताच मला एक मोठी पेटी आवडली. आत मखमल, तिच्यात लहानमोठ्या गोट्यांच्या रांगा, चकाकणाऱ्या, शंभरेक तरी नग असतील. मी म्हटलं, काकू, ही बघा, यात सगळंच आहे. त्यांनी पेटी उघडली, बंद केली. "यातलं मले काय लागते? दहा गोट्या. बाकीचं काय कोनाच्या लग्नात रुखवतावर मांडू?"

मग त्यांनी पदराची गाठ सोडली. गाठीत पिकअपच्या चाकाचा एक जादा नट होता. तो कायम तिथेच असायचा. इतर बायकांच्या पदराला सुपारी असते तसा. गोटी त्या नटावर बसवून त्यांनी डावी-उजवीकडे हलवली. हलली की परत. आतून बारा कोपरे असलेल्या गोट्या त्यांनी सरळ बाजूला सारल्या. "हे नटाले नुसती कोपऱ्याले धरते. झिजली का सटकली. सहा कोनाची दाखवा, पूर्ण कडेले धरन अशी." काही गोट्यांच्या तोंडाशी त्यांनी नखाने खरवडलं, एकीचा मुलामा पापुद्र्यासारखा निघाला, तशी ती त्यांनी दोन बोटांत धरून दुकानदाराच्या पुढ्यात ठेवली. मग रॅचेट, म्हणजे कटकट वाजत फिरणारा दांडा. तो कानाशी धरून त्यांनी हळूहळू फिरवला. डोळे मिटलेले. दुकानातली गिऱ्हाइकं बघत होती.

"काय ऐकता?" मी हळूच विचारलं.

"दात बारीक हायेत का, अन् मधात एखादा मुका त नाई."

एवढं करून भागलं नाही. दुकानाच्या मागे लोखंडी पकडीचा शेगडा होता, त्यात एक बोल्ट पकडायला लावला आणि त्या दांड्यावर सगळं वजन टाकून लोंबकळल्या. दांडा सटकला नाही. दुकानदार सज्जन होता पण त्याचाही धीर सुटला. "ताई, पाना घ्यायलात का जावई पाहायलात?"

गिऱ्हाइकं हसली. काकू हसल्या नाहीत. "जावई ढिला निंगाला त पोरगी घरी येते, बाप्पा," त्या म्हणाल्या. "पाना ढिला निंगाला त..." आणि तिथेच थांबल्या. दुकानदाराने आतल्या फळीवरून दुसरी पेटी काढली, छोटी, पत्र्याची, चकाकी नसलेली. मोजक्या गोट्या, प्रत्येकीवर आकडा कोरलेला, चिकटवलेला नव्हे. एक लांब दांडा, एक जोडदांडा, आणि कापडात गुंडाळलेले रिंग पाने. काकूंनी त्यातली चाकाच्या मापाची गोटी आपल्या नटावर बसवून पाहिली, बाकीची एकेक नखाने खरवडली आणि शेवटी मान हलवली.

परत येताना एसटीत पेटी त्यांच्या मांडीवर होती. समोरच्या सीटचा बोल्ट खुळखुळत होता. त्यांचा हात दोनदा पेटीच्या कडीकडे गेला आणि दोनदा मी तो धरला.

नवीन पेटी आली तशा त्या थोड्या निवांत झाल्या असं मला वाटलं. रोज सकाळी चाकं आवळणं चालू होतं, पण चेहरा जरा सैल झाला होता. मग नवमी आली.

आपल्याकडे नवमीला हत्यारं पुजतात. विळे, खुरपी, कुऱ्हाड, पाने, जे काही हाताला कामाला येतं ते धुऊनपुसून देवापुढे मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, आणि दसऱ्याची पूजा होईपर्यंत हलवायचं नाही. त्या दिवशी हत्याराला विसावा. पण झेंडूवाल्याला त्याच दिवशी विसावा नसतो. दसऱ्याच्या झेंडूला भाव असतो तो नवमीच्या दुपारी आणि दसऱ्याच्या सकाळी. दसऱ्याच्या दुपारी तीच फुलं गायी खातात. म्हणजे हत्यारं देवघरात आणि गाडी रस्त्यावर, असा त्या घरचा नवमीचा दिवस.

काकूंनी पहाटेच चाकं आवळली, मग पेटी तेलपाणी करून देवीच्या तसबिरीपुढे उघडी ठेवली. प्रत्येक गोटीला कुंकवाचं बोट. मंगेशला बजावलं, "आता याले कोनी हात लावाचा नाई. देवीचं भेव ठेव." मंगेश म्हणाला, "हाव आई." त्याला देवीचं किती होतं माहीत नाही, आईचं पुष्कळ होतं.

दुपारी काकू आणि मी देवीच्या देवळात गेलो. परत आलो तेव्हा पिकअप निघून गेलेली होती. अंगणभर झेंडूच्या पाकळ्या. आणि त्या पाकळ्यांत, ओट्याच्या पायरीशी, काळा दोरा अजून लोंबत असलेला तो जुना पाना.

काकूंनी तो पाहिला. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या हातातलं पूजेचं ताट तिरकं झालं आणि नारळ घरंगळत खाली गेला, तो दोघींपैकी कुणीही उचलला नाही.

शेजारच्या मळ्यातल्या बाईने कुंपणावरून सांगितलं. गाडी भरून झाली आणि मागचं चाक बसलं, बाभळीचा काटा. दोघांनी चाक बदललं आणि घाईघाईने गेले. उशीर झाला होता. "किसनभाऊ म्हनत होते, पेटीतला पाना घेऊ. मंगेश म्हने, नाई, आई बोलन."

मी मंगेशला फोन लावला. वाजत राहिला. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, ही शिकवण काकूंचीच. किसनभाऊंचा फोन घरातच चार्जिंगला होता. मी लावला तसा भिंतीवर वाजायला लागला.

काकू देवघरात गेल्या. मी दारात उभी होते. त्या पेटीपुढे बसल्या, हात पुढे केला. मागे घेतला. पुन्हा पुढे केला. मला वाटलं, ही बाई आता इथेच बसून राहणार. एका बाजूला चाक आणि दुसऱ्या बाजूला देवी, दोन्हीकडची भीती सारखीच. मग त्यांनी मान वर करून तसबिरीकडे पाहिलं. आठ हात, आणि आठही हातांत काही ना काही.

"तू कुठं ठेवलं खाली?" काकू म्हणाल्या. भांडल्यासारख्या. "आज नवमी हाये, त तू ठेवलं का तुह्या हातातलं खाली?"

आणि पेटी उचलली, कुंकू-अक्षतांसकट.

अंगणात माझी स्कूटर होती. काकू आल्या आणि मागे बसल्या. नट चाचपले नाहीत, आरसा हलवला नाही, "चाल हळू" म्हटलं नाही. तेव्हा मला खरी भीती वाटली. तोवर मला वाटत होतं, काकू नेहमीसारख्याच घाबरल्या आहेत.

तो रस्ता मी शेकडो वेळा गेलेली आहे. त्या दिवशी तो कुणीतरी ताणून लांब केला होता. कडेला सोयाबीनचे ढीग, मळणीयंत्रांची धूळ, आणि मधूनमधून डांबरावर चार-दोन झेंडू पडलेले. ती आपलीच फुलं. म्हणजे इथपर्यंत गाडी आली होती. पुढे पुन्हा दिसली की इथपर्यंतही आली. मी फुलं बघत चालवत होते. पेटीचा कोपरा माझ्या पाठीत रुतत होता आणि आतल्या गोट्या एकमेकींवर वाजत होत्या. समोरून येणाऱ्या एका ट्रॅक्टरवाल्याला मी थांबवून विचारलं, झेंडूची पिकअप पाहिली का? तो म्हणाला, "हाव, पुलाच्या अलीकडं." आणि पुढे काय ते ट्रॅक्टरच्या आवाजात बुडालं. मी पुन्हा विचारलं नाही. मला ते ऐकायचं नव्हतं.

उतार लागला. तोच उतार. खाली पुलाच्या तोंडाशी रस्ताभर झेंडू सांडलेला होता, ढीगच्या ढीग, आणि त्याच्या पलीकडे पिकअपची मागची बाजू, एका अंगाला कललेली. माणूस कुठे दिसत नव्हता. काकूंनी माझा खांदा इतका घट्ट धरला की पुढे कितीतरी दिवस तिथे वळ होते. मला ब्रेक लावायचंही सुचेना. स्कूटर फुलांत शिरली तेव्हा थांबली.

किसनभाऊ कठड्याला टेकून जमिनीवर बसले होते. मंगेश गाडीखाली डोकं घालून होता. दोघं धड होते.

झालं होतं ते असं. मागच्या चाकातून टक-टक असा आवाज यायला लागला. मंगेशला तो ऐकूही आला नाही. किसनभाऊंना आला. त्यांनी मुलाच्या हातावर हात मारला आणि ओरडले. मंगेशने करकचून ब्रेक लावला, गाडी एका अंगाने रस्त्याखाली उतरली, वरची पोती सुटून रस्त्यावर फुटली. उतरून बघतात तो एक नट पडलेला आणि बाकीचे बोटांनी फिरत होते. आवळायला हातात काहीच नाही, आणि घरी फोन करायची मंगेशची छाती होईना. तिथून गेलेल्या दोघातिघांना थांबवलं, त्या ट्रॅक्टरवाल्यालाही. सगळ्यांचं एकच उत्तर, भाऊ, आज नवमी हाये, पाना घरी पूजेत हाये.

मंगेश म्हणाला, "आई, म्या तुह्या भेवानं पेटीले हात नाई लावला."

काकू त्याच्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता मुस्काटात देतील. त्यांनी नुसतं "सरक" म्हटलं.

त्या चाकापाशी बसल्या. गोटी चढवली. एक नट आवळला, मग त्याच्या समोरचा, मग पुन्हा पलीकडचा. हातावर कुंकू, नटावर कुंकू. पाचवी जागा रिकामी होती. त्यांनी दातांनी पदराची गाठ सोडली, जालन्याच्या दुकानात शंभर गोट्यांवर फिरवलेला तो नट काढला आणि तिथे बसवला. सगळं आवळून झाल्यावर त्यांनी पुन्हा सगळे आवळले. मग चाकाला कपाळ टेकलं आणि तिथेच हुंदके देऊन रडायला लागल्या. मंगेश उभा, मी उभी, पुलावरून जाणारे लोक वळून बघत होते.

किसनभाऊ उठले नाहीत. ते गुडघे दोन्ही हातांनी धरून बसले होते. तो चाकाचा किस्सा त्यांनी पुढे कधी सांगितला नाही. कुणी आठवण केली तर म्हणायचे, "राहू द्या ना बाप्पा," आणि दुसरं काहीतरी बोलायचे.

त्या दिवशी काकू पेटी मांडीवर घेऊन पिकअपमध्येच बसल्या आणि जालन्यापर्यंत गेल्या. मी एकटी स्कूटरवर परतले. जाताना ऐकू न आलेला प्रत्येक आवाज मला येताना ऐकू येत होता. घरापर्यंत मी सायकलीच्या वेगाने आले, आणि आल्याबरोबर तो जुना पाना उचलून गोठ्यात नेला. पण त्या खिळ्याला परत टांगायला हात होईना. दुसऱ्या दिवशी काकूंनी मंगेशला विहिरीसारखा खड्डा खणायला लावला आणि त्यात तो पुरला. वर सिमेंट ओतलं.

पुढच्या नवमीला मी त्यांच्या देवघरात डोकावले. विळे होते, खुरपी होती, पेटी उघडी होती, प्रत्येक गोटीला कुंकू होतं. पण एक खाच रिकामी होती आणि लांब दांडाही नव्हता. चाकाच्या नटाची गोटी आणि दांडा बाहेर, ओट्यावर, मंगेशच्या हाताला येईल असे ठेवलेले.

"देवी रागावली तर?" मी चिडवलं.

"भेव त वाटतेच," त्या म्हणाल्या. "रातभर झोप नाई आली." पण त्यांनी गोटी आत नेली नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात माझी बदली हिवरा आश्रम गावाच्या बाजूला झाली. सामान न्यायला टेम्पो आला. सामान चढत होतं तोवर काकू पेटी घेऊन टेम्पोच्या चाकापाशी. ड्रायव्हर वैतागला. "ओ मावशी, गाडी कालच सर्विसिंगहून आनली."

"आनली असन. मले पाहू दे."

चारही चाकं झाली. एका ठिकाणी त्यांचा दांडा थोडा फिरला, अगदी थोडा. ड्रायव्हरने ते पाहिलं आणि बिडी विझवली. मग त्या माझ्या स्कूटरकडे वळल्या. पुढचं चाक, मागचं चाक, आरसा. पेटी बंद करून उठल्या, कंबरेला हात लावला.

मी वाकले. दोन्ही हात पायांवर ठेवले आणि थांबले, ते दोन शब्द ऐकायला. मला ते हवे होते. नवं गाव, नवी खोली, वर कुठलातरी पंखा. जवळ त्यांची भीती असली तर बरं, असं मला मनापासून वाटत होतं.

डोक्यावर हात पडला. तेलाचा वास आला.

"जाय, पोरी," मग त्या म्हणाल्या. "भेऊ नको. म्या पाह्यलं."

मी निघाले. वळणावर आरशात पाहिलं तर त्या रस्त्यावर येऊन उभ्या होत्या. हात हलवत नव्हत्या. मान थोडी तिरकी करून, जाणाऱ्या गाड्यांचा आवाज ऐकत होत्या.